क्रोशाची तोंडी परीक्षा

पहिला प्रश्न. वाशीच्या मॉलमध्ये हँगरवर लटकलेला जाळीदार टॉप, सीवूड्सच्या एखाद्या घरात देव्हाऱ्यातल्या गणपतीखाली घातलेलं गोल आसन आणि भेंडीबाजारातल्या दुकानात मांडलेली सोनेरी काठाची पांढरी टोपी. तिन्ही वस्तू क्रोशाच्या. यातली यंत्रावर विणलेली कोणती?

बहुतेकांचं बोट टॉपकडे जातं. एका मापाचे पन्नास टॉप, आतल्या पट्टीवर परदेशी नाव, वर सेलची चिठ्ठी. हे यंत्राशिवाय कसं होईल? पण तो टॉप खरोखर क्रोशाचा असेल, तर तोही कुणीतरी हातानेच विणलेला आहे. स्वेटर विणायची यंत्रं आहेत, मोज्यांची आहेत, लेसची आहेत. क्रोशाचं कारखान्यात चालणारं यंत्र अजून कुणाला बनवता आलेलं नाही.

हे ऐकून लोक चक्रावतात. चंद्रावर माणूस उतरला आणि आजीचा रुमाल यंत्राला जमत नाही? कारण सुईच्या टोकाशीच आहे. दोन सुयांच्या विणकामात ओळीतले सगळे टाके सुईवर उघडे बसलेले असतात. पुढची ओळ विणायची म्हणजे प्रत्येक उघड्या टाक्यातून एक नवा टाका ओढून घ्यायचा. हालचाल एकच, जागा ठरलेली. म्हणून तर विल्यम ली या इंग्रज पाद्र्याने १५८९ मध्येच मोजे विणायचं यंत्र उभं केलं. आकड्यांची रांग लावली, सगळ्यांनी एकदम तेच काम केलं, ओळ झाली. क्रोशात मात्र सुईवर एका वेळी एकच टाका उघडा असतो. बाकीचे सगळे मागे मिटून गेलेले. नवा टाका घालायचा तर सुईने त्या मिटलेल्या विणीत नेमकं भोक शोधायचं, त्यात शिरायचं, दोरा पकडून मागे यायचं आणि उघड्या टाक्यातूनही बाहेर पडायचं. ते भोक कधी टाक्याच्या डोक्यात असतं, कधी दोन खांबांच्या, म्हणजे उंच टाक्यांच्या, मधल्या पोकळीत, कधी तीन ओळी खालच्या कमानीत. वीण प्रत्येक वेळी थोडी वेगळी वाकलेली असते. डाव्या हाताची बोटं ती ताणून धरतात, सैल सोडतात, फिरवतात. यंत्र अडतं ते या डाव्या हातापाशी. जर्मनीतल्या बीलेफेल्डच्या संशोधकांनी अलीकडे एक प्रायोगिक यंत्र तयार केलं आहे, ते साधी सपाट पट्टी विणतं. रुमाल अजून दूर आहे.

बाजारात ‘क्रोशे मशीन’ या नावाचं एक यंत्र मिळतं आणि परीक्षेत गोंधळ होतो तो त्याच्यामुळे. ते ब्लाउजच्या बाहीला लावायच्या पट्ट्या, पडद्याच्या झालरी भराभर काढतं. त्या पट्टीची वीण निराळी असते. शेजारीशेजारी उभ्या साखळ्या चालतात आणि आडवे दोरे त्यांना एकमेकींशी बांधत जातात. खऱ्या क्रोशाचा खांब भिंगाखाली पाहिला तर त्याच्या अंगाला दोऱ्याचा तिरका वेढा दिसतो. दुसरी खूण आणखी सोपी. शेवटचं टोक सोडवून ओढलं, की खरी क्रोशाची वीण टाक्यामागून टाका उसवत थेट पहिल्या साखळीपर्यंत जाते. दुकानात हा प्रयोग करू नये, एवढंच.

ही परीक्षा मी नवी मुंबईत घ्यायचं ठरवलं, याला कारण आहे. आंध्रातल्या नरसापूरसारखी पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा या शहराजवळ नाही. हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. त्याआधी इथे आगरी-कोळ्यांची गावं, मिठागरं आणि भातखाचरं होती. नव्या वसाहतींमध्ये जे राहायला आले ते आपापल्या गावचा क्रोशा सामानाबरोबर घेऊन आले. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या घरांत रुखवतातले रुमाल होते, दारावरची तोरणं होती, आणि टीव्ही आला तेव्हा त्यालाही झालर लावलेलं कव्हर झालं. सिडकोच्या छोट्या घरांमध्ये ऐंशीच्या दशकात टीव्ही, रेडिओ, पाण्याचा माठ, फ्रिजची मूठ, सगळ्यांनाच क्रोशाचे कपडे होते. गोव्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबांनी वेदीवर घालायच्या पांढऱ्या लेसचं काम आणलं. पोर्तुगीज काळापासून गोव्यात मुली ते शिकत आल्या आहेत. आंध्रातून आलेल्या बायकांना गोदावरीकाठची लेस ठाऊक होती. आज नेरूळ-खारघरची कॉलेजातली मुलगी जपानी पद्धतीची अमिगुरुमी बाहुली विणते आणि त्याच इमारतीतल्या काकू संक्रांतीच्या वाणासाठी बटवे. एकाच जिन्यात चार घराणी सापडतात. प्रश्न विचारायला यापेक्षा बरी जागा कुठली?

दुसरा प्रश्न: क्रोशा किती जुना?

इथे जवळजवळ सगळे नापास होतात. कुणी म्हणतं हजार वर्षं, कुणी मोगलांचं नाव घेतं, कुणाला इजिप्तच्या थडग्यातले मोजे आठवतात. ते मोजे खरे आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात लाल लोकरीची, अंगठ्यासाठी वेगळा कप्पा असलेली जोडी आहे, दीड हजार वर्षांहूनही जुनी. पण ती क्रोशाची नाही. ती ‘नालबाइंडिंग’ची, आणि ही निराळी कला आहे. तिच्यात नेढं असलेली सुई लागते आणि प्रत्येक टाक्यातून दोऱ्याचं अख्खं टोक ओढून काढावं लागतं. दिसायला वीण जवळची वाटते, म्हणून पुस्तकांतूनही गल्लत होते.

क्रोशाचा छापील नमुना सापडतो तो १८२३ मध्ये, ‘पेनेलोपे’ या डच मासिकात. लिस पालुदान या डॅनिश अभ्यासक बाईंनी जुन्या पुराव्यांचा कसून शोध घेतला, आणि १८०० च्या आधी युरोपात आजच्यासारखा क्रोशा होता असं ठामपणे म्हणण्याजोगं काही त्यांना मिळालं नाही. म्हणजे आपली ही ‘आजीची प्राचीन कला’ इंग्रजांनी पेशवाई बुडवली त्या सुमाराची निघाली.

मग ती आली कुठून? एक मत असं आहे आणि मला ते पटतं. वाशी-नेरूळला हल्ली गल्लोगल्ली आरी वर्कचे क्लास आहेत. लग्नाचे ब्लाउज त्यावरच चालतात. आरीत कापड चौकटीवर ताणून बसवतात, आकड्याची सुई वरून कापडात खुपसतात, खालचा दोरा वर ओढतात आणि साखळीमागून साखळी उमटत जाते. कच्छच्या मोचींचं भरतकाम याच सुईचं. अठराव्या शतकात ही कला पूर्वेकडून युरोपात गेली आणि तिथल्या उच्चभ्रू बायकांचं वेड झाली. ढोलासारख्या गोल चौकटीवरून तिला ‘तांबूर’ म्हणू लागले. आता त्या चौकटीतलं कापड काढून टाका आणि साखळी नुसत्या हवेत घाला. क्रोशा तयार. कागदोपत्री पुरावा पक्का नाही, पण टाका तोच आहे. हे खरं असेल तर आकडा इथून गेला आणि शंभरएक वर्षांनी मिशनरी बायकांच्या पेटीतून, मधलं कापड गमावून, इथे परत आला.

युरोपात क्रोशाला पोटापाण्याचं काम बनवलं ते आयर्लंडने. १८४५ मध्ये तिथल्या बटाट्यावर रोग पडला आणि पुढची काही वर्षं भयंकर दुष्काळात गेली. व्हेनिसची सुईने करायची लेस महाग आणि वेळखाऊ. क्रोशाने तिची नक्कल पुष्कळ लवकर होते, हे लक्षात आल्यावर जोगिणींनी आणि पाद्र्यांच्या बायकांनी भुकेल्या घरांना ही कला शिकवली. मोनाघन परगण्यातलं क्लोन्स गाव आजही त्या लेससाठी ओळखलं जातं. रिएगो द ला ब्रांशार्दिएर या बाईंनी १८४० च्या दशकापासून नमुन्यांची पुस्तकं छापली, त्यामुळे हे काम कुणालाही घरी बसून जमू लागलं. एक घर गुलाब विणायचं, दुसरं द्राक्षाचे घोस, तिसरं पानं. प्रत्येकाचा नमुना घरातच गुप्त ठेवलेला. मग कुणीतरी ते सगळे तुकडे बारीक जाळीने जोडून गळपट्टा किंवा झगा पुरा करायचं. त्या दुष्काळी लेसचे कपडे घालून लंडन-पॅरिसच्या बायका मेजवान्यांना गेल्या.

राणी व्हिक्टोरियालाही क्रोशा येत होता का, हा हमखास विचारला जाणारा प्रश्न. येत होता. बोअर युद्धाच्या वेळी, १९०० मध्ये, म्हाताऱ्या राणीने स्वतः विणलेले आठ गळपट्टे शूर सैनिकांना द्यायला पाठवले. त्यातला एक कॅनडाच्या युद्धसंग्रहालयात आहे. पुढे कितीतरी वर्षं लोक समजत होते, की हा गळपट्टा म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉसपेक्षाही मोठा मान. तसं काही नव्हतं.

आता दुकानातले प्रश्न. हे सोपे वाटतात आणि मार्क खातात.

स्टीलच्या सुयांमध्ये आठ नंबरची जाड की बारा नंबरची? आठची. जुन्या पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते. बारा म्हणजे साधारण १ मिलिमीटर, आठ म्हणजे दीडच्या आसपास. दोऱ्याचंही तसंच, चाळीस नंबरचा दोरा विसापेक्षा बारीक. लोकरीसाठीच्या ॲल्युमिनियमच्या सुयांवर मात्र सरळ मिलिमीटर लिहिलेले असतात, तिथे मोठा आकडा म्हणजे जाड सुई. दोन्ही पद्धती एकाच काचेच्या कपाटात नांदतात, म्हणून नुसता नंबर सांगू नका, मिलिमीटर सांगा. आपल्याकडच्या सुयांपैकी ‘पोनी’ छाप निलगिरीतल्या केट्टीची. ज्या नीडल इंडस्ट्रीजने ती बनवली, तिच्या भागधारकांचं भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं आणि १९८१ चा तो निकाल कंपनी कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही पाठ करावा लागतो. क्रोशाची सुई कधी हातात न धरलेले कितीतरी वकील सुईच्या कारखान्याबद्दल तासभर बोलू शकतात.

दुकानातली लोकर मेंढीची असते का? बहुधा नाही. रंगीबेरंगी गुंडे असतात ते ॲक्रिलिकचे, म्हणजे खनिज तेलापासून निघालेल्या रसायनांचे. ओळखायचं तर वीतभर तुकडा चिमट्यात धरून, सिंकवर, काडी लावा. केस जळाल्याचा वास आला आणि चुरगळणारी राख राहिली तर मेंढीची लोकर. वितळून कडक काळा मणी झाला तर ॲक्रिलिक. कागद जळाल्याचा वास आणि मऊ राखाडी राख म्हणजे सूत. मणी गरम असतो, बोटाने चाचपू नका.

नवी मुंबईत खरं राज्य सुताचंच. जिथे जानेवारीतही पंखा लागतो तिथे लोकरीचं काय काम? इथल्या दमट हवेत हाताला घाम येतो, लोकर सुईला चिकटते आणि पावसाळ्यात कपाटातल्या गुंड्यांना कुबट वास येतो. चांगला क्रोशाचा दोरा म्हणजे मर्सराइज्ड सूत. सूत कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणातून काढलं की तंतू फुगतात, चपटे असतात ते गोलसर होतात आणि रंग जास्त धरतात. जॉन मर्सर या इंग्रजाला हे १८४४ मध्ये सापडलं. पण सूत त्यात आकसायचं, म्हणून गिरण्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे होरेस लो याने सूत ताणून धरून तीच क्रिया केली, आणि त्याला रेशमासारखी चकाकी आली. रुखवतातल्या रुमालाची झळाळी ती. त्याचा कडकपणा मात्र गिरणीचा नव्हे, साबुदाण्याच्या खळीचा. खळीतून काढलेला रुमाल पाटावर ताणून, कडेच्या प्रत्येक पाकळीला टाचणी लावून वाळवला की नक्षी उघडते. जुलैत हे करू नये, खळ वाळायच्या आत आंबते आणि टाचण्यांचे गंजाचे ठिपके कायमचे राहतात.

व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांसाठी एक सापळा सांगतो आणि पुढे जातो. अमेरिकन नमुन्यातला ‘डबल क्रोशे’ आणि इंग्लंडच्या नमुन्यातला ‘डबल क्रोशे’ हे दोन वेगळे टाके आहेत. अमेरिकेचा डबल म्हणजे आपला खांब; इंग्लंडचा डबल म्हणजे आपला मुका खांब, बुटका टाका. नमुना कुठल्या देशचा हे न पाहता सुरुवात केली तर मोज्याचा गुडघ्यापर्यंतचा पायमोजा होतो.

आता ज्या प्रश्नासाठी हे प्रकरण लिहिलं तो. गोल रुमाल सपाट राहावा म्हणून प्रत्येक फेरीला किती टाके वाढवायचे?

ज्यांना येतं त्या विचारही न करता सांगतात: मुक्या खांबाला सहा, खांबाला बारा. का, असं विचारलं तर म्हणतात, ‘अहो, नाहीतर वाटी होते ना!’ हे उत्तर बरोबरच आहे, पण त्याच्या आत शाळेतली भूमिती दडून बसली आहे. मुक्या खांबाची उंची आणि रुंदी जवळजवळ सारखी असते. एक फेरी पुरी झाली की वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीएवढी वाढते. त्रिज्या एकाने वाढली की परीघ दोन पाय (२π) म्हणजे ६.२८ ने वाढतो. तेवढा परीघ भरायला सहा टाके जास्त लागतात. वरचा पाव टाका दोऱ्याच्या ताणात जिरतो. खांब साधारण दुप्पट उंच, म्हणून वाढ दुप्पट, १२.५६, म्हणजे बारा. अर्धा खांब मधल्या उंचीचा, त्याला आठ ते दहा, ज्याचा हात जसा सैल-घट्ट तसं. पायची किंमत आर्किमिडीजने वर्तुळात बहुभुज काढून काढली. पाटावर टाचण्या लावणाऱ्या बाईला ती मांडीवर रुमाल सपाट बसतो की नाही यावरून कळते. तिने हा आकडा कधी लिहिला नसेल, पण तो चुकला तर तिला तिसऱ्या फेरीलाच कळतं, आणि माझ्या मते गणित येणं याहून फार वेगळं नसतं.

सहाच्या जागी चार वाढवले तर परीघ कमी पडतो आणि कडा वर उचलल्या जातात, वाटी. वाढवणं अजिबात थांबवलं तर भिंत सरळ खाली उतरते. दाऊदी बोहरा पुरुषांच्या टोपीचं सगळं रहस्य एवढंच आहे. त्या समाजातल्या बायका ती पांढऱ्या सुताने आणि सोनेरी कसबाने हाताने विणतात. माथ्यापासून सुरुवात, डोक्याच्या मापाचं सपाट वर्तुळ होईपर्यंत टाके वाढवायचे, मग वाढ बंद; तिथून टोपीची उभी भिंत सुरू होते आणि भिंतीवर सोनेरी नक्षी. कुठल्या फेरीला थांबायचं यावर टोपी बसणार की भुवयांवर घसरणार हे ठरतं. नक्षीचे टाकेही एकूण टाक्यांना नेमके भागले गेले पाहिजेत, नाहीतर शेवटची कुयरी अर्धीच राहते.

आणि सहापेक्षा जास्त वाढवले तर? रुमालाला जागा पुरत नाही. कडा लाटांसारख्या खालीवर व्हायला लागतात. सुरुवातीला प्रत्येकीचा एक रुमाल असा बिघडतो आणि उसवला जातो. लॅटव्हियात जन्मलेल्या दायना तायमिना यांनी १९९७ मध्ये तो मुद्दामच बिघडवला.

तायमिना अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात गणित शिकवत होत्या. तिथे अतिपरवलयी भूमिती हा विषय होता. युक्लिडच्या भूमितीत रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला समांतर अशी एकच रेषा जाते. या भूमितीत अशा कितीही रेषा जातात. कागदावर हे लिहिता येतं, पण दिसत नाही. कागदाच्या पट्ट्या चिकटवून केलेले नमुने दोन मुलांनी हाताळले की फाटत. लहानपणी शिकलेला क्रोशा तायमिनांच्या कामी आला. नियम एकच ठेवायचा: ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवायचा आणि तो नियम प्रत्येक ओळीला पाळायचा. समजा वीस टाक्यांनी सुरुवात केली आणि दर सहा टाक्यांमागे एक वाढवला. ओळीमागून ओळ टाके सात-षष्ठांश पटीने वाढत जातात, आणि वीस ओळींनंतर एका ओळीत चारशे तीसच्या पुढे टाके होतात. सपाट रुमालात विसाव्या फेरीला असतात एकशेवीस. एवढी कड मावणार कुठे? ती स्वतःभोवतीच मुरडत, चुणत जाते. त्या चुणीदार तुकड्यावर घडी घातली की एक सरळ रेषा मिळते. शेजारून दुसऱ्या घड्या घाला, आणि पहिलीला कधीच न भेटणाऱ्या अनेक रेषा एकाच बिंदूतून जाताना बोटांना लागतात. दोन हजार वर्षं गणितज्ञ ज्यावर अडले ते मुक्या खांबात विणून मुलांच्या हातात देता आलं. त्यांच्या पुस्तकाला वर्षातल्या सर्वांत विचित्र शीर्षकाचं बक्षीस मिळालं आणि नंतर २०१२ मध्ये गणितविषयक लेखनाचा ऑयलर पुरस्कारही. दोन्ही बक्षिसं मिळालेलं दुसरं पुस्तक माझ्या ऐकिवात नाही.

हा आकार पाहायला कॉर्नेलला जायची गरज नाही. एपीएमसीच्या भाजी बाजारात लेट्यूसचं पान उचला, नाहीतर फुलबाजारातलं लाल मखमली कोंबड्याचं फूल. कडेला पेशी जास्त वाढल्या, मध्ये कमी. तोच नियम, तीच चुण. समुद्रातलं प्रवाळही असंच. म्हणून ऑस्ट्रेलियात वाढलेल्या मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या जुळ्या बहिणींनी २००५ मध्ये लॉस एंजेलिसला क्रोशाचं प्रवाळ विणायला घेतलं. बघता बघता देशोदेशीच्या हजारो बायका, आणि काही पुरुष, त्यात सामील झाले. नियम थोडा मोडला की निराळं प्रवाळ तयार होतं, हे त्यांना विणता विणता कळलं. काटेकोर नियम फक्त गणिताच्या वर्गात लागतो.

मोठेपणाचा प्रश्न एका परिच्छेदात उरकू. जगातलं त्या वेळचं सर्वांत मोठं क्रोशाचं ब्लँकेट म्हणून गिनेस बुकात नोंद झाली ती ३१ जानेवारी २०१६ ला चेन्नईत. ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने ठिकठिकाणच्या बायकांनी विणलेले तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचं ब्लँकेट मांडलं. किती मोठं? नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, जिथे भारताच्या मुलींनी २०२५ चा क्रिकेट विश्वचषक जिंकला, पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्याला चालणारी किमान ६५ यार्डांची गोल सीमारेषा आखली, तर आतलं गवत जेमतेम ११,१०० चौरस मीटर भरतं. ब्लँकेट सीमेबाहेर थोडं लोंबेलच.

शेवटचा प्रश्न पैशाचा. भारतात क्रोशाची सर्वांत मोठी वस्ती कुठे? आंध्रात, गोदावरीच्या मुखाजवळ, नरसापूरला. महाराष्ट्रात हे नाव लोकांना माहीत आहे ते नगरसोलहून सुटणाऱ्या गाडीमुळे. येवल्याजवळून निघालेली ती गाडी नरसापूरला पोचते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिशनरींनी तिथल्या बायकांना लेस शिकवली आणि तिचा निर्यातीचा धंदा झाला. आपल्याकडे पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिवण, भरतकाम, विणकाम शिकवलं ते विधवांना आणि गरजू बायकांना पायावर उभं करायला. नरसापूरचं काय झालं हे मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ च्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. घरचं सगळं करून बायका दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास लेस विणत होत्या. दोरा आणून देणारे, माल उचलणारे, परदेशी पाठवणारे पुरुष व्यापारी होते आणि श्रीमंत होत होते. विणणाऱ्यांना कामगार कुणी म्हणत नव्हतं. त्या घरी बसून ‘रिकामा वेळ’ घालवणाऱ्या गृहिणी होत्या, आणि रिकाम्या वेळेला मजुरी ती काय द्यायची? २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशाला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावाने आता दुसरीकडचा माल विकता येत नाही. विणणारीच्या हातात काय पडतं यावर मानांकनाचा अधिकार चालत नाही.

बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये हस्तकलांची प्रदर्शनं भरतात तेव्हा हे गणित स्वतः करून पाहता येतं, लागणारा आकडा आता आपल्याकडे आहे. खांबांचा सपाट गोल रुमाल घ्या, वीस फेऱ्यांचा. पहिल्या फेरीत बारा खांब, दुसरीत चोवीस, विसावीत दोनशे चाळीस. एकूण दोन हजार पाचशेवीस. सराईत हाताला एका खांबाला पाच सेकंद धरा. मान वर न करता साडेतीन तास. उसवणं, खळ, टाचण्या वेगळ्या. दोऱ्याचे तीस रुपये धरा. समजा विकणारीने भाव सांगितला दीडशे, तर तिला तासाला चौतीस रुपये सुटतात.

‘शंभरला द्या की!’

मग वीस.